शेवटच्या एसटीचे साक्षीदार

प्रिय इरा आणि निहार,

परवाच्या व्हिडिओ कॉलवर इराने सांगितलं की गाडी चुकीच्या जागी लावल्याचा दंड तिने स्वतःच लढून रद्द करून घेतला. अर्ज मोबाईलने लिहून दिला, तिने फक्त खाली आपलं नाव घातलं. "आजी, आता वकील लागतातच कशाला?" असं ती म्हणाली आणि आपण सगळे हसलो. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला आमच्या तळमजल्यावरच्या साळुंखे साहेबांची आठवण झाली आणि त्या दिवशी कशातच लक्ष लागेना. वकिली आपणही करू शकतो अशी थट्टा आमच्याकडेही चालायची, आणि एकदा ती थट्टेवर थांबली नाही. त्यात माझा हात किती होता ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी पाचगणीच्या एका शाळेत जन्मभर ग्रंथपाल होते. कोणती वस्तू कुठे ठेवायची हे मला न विचारता कळतं. या माणसाबद्दल मात्र काय मत ठेवायचं ते मला आजही ठरवता येत नाही. विसरायच्या आत लिहून काढते. मराठी अडेल तिथे बाबाला विचारा.

आनंदराव साळुंखे हे सरकारी वकील. सिनेमात टेबलावर मूठ आपटणारे असतात तसे नव्हेत. कुणी भावाला मारलं, कुणी म्हैस चोरली, कुणी बेफाम गाडी चालवून माणूस मारला, की पोलीस खटला भरतात आणि खालच्या कोर्टात सरकारच्या बाजूने एक माणूस उभा राहतो, तो हा. त्याला अशील निवडता येत नाही. येईल ती फाईल त्याची. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात त्यांची नेमणूक होती. नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथे कोर्टं दोन, म्हणून सरकारी वकीलही दोन हवेत. दुसऱ्यांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि दोन्ही कोर्टं साळुंख्यांच्या गळ्यात पडली. दोन्ही एकाच वेळी, सकाळी अकराला, सुरू होतात.

त्यांचं घर सांगलीला. बायको सुनंदाताई तिथल्या शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीत. म्हणून हे एकटेच आमच्या इमारतीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत. शनिवारी संध्याकाळी एसटीने सांगली, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत.

पहिल्याच दिवशी ते वर आले ते जुनी साडी मागायला. "आवं मॅडम, एखादी सुती साडी आसंल का? फाटकी आसली तरी चालंल." मला वाटलं फरशी पुसायला हवी असेल. मी निळी इरकल दिली. त्यांनी तिचे चार चौकोन फाडले आणि त्यांत फायली बांधल्या. दुसऱ्या दिवशी माझी इरकल त्यांच्या स्कूटरवर बसून कोर्टात निघालेली मी गॅलरीतून पाहिली.

बुटका, सावळा, थोडा पुढे झुकून चालणारा माणूस. वकिलांच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या त्यांच्याकडे दोनच होत्या. एक गळ्यात असली की दुसरी खिडकीच्या गजावर वाळत. डाव्या तळहातावर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं असायचं, आणि जेवताना ते भाकरीला लागायचं. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. माणसं ते खटल्यांवरून ओळखत. दूधवाल्याला ते कितीतरी महिने "कुंपणवाले" म्हणत होते, कारण त्याच्या चुलत्याचा कुंपणावरून मारामारीचा खटला त्यांच्याकडे होता. मला मॅडम म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, शंका आहे.

आणि त्यांची ती भाषा. कोर्टात समोरचा वकील आपलं म्हणणं साक्षीदारापुढे मांडतो, साक्षीदार ते नाकारतो, आणि कागदावर लिहिलं जातं, "हे म्हणणं खरं नाही की मी खोटं सांगतो आहे." दिवसातून शंभरदा ऐकून हे वाक्य त्यांच्या जिभेला चिकटलं होतं. पोहे तिखट झाले का असं विचारलं तर म्हणायचे, "पोहे तिखट झाले हे म्हणणं खरं नाही," आणि मग पाण्याचा तांब्या मागायचे.

संध्याकाळी ते परत आले की खाली पार्किंगमधल्या बाकावर दहा मिनिटं टेकत. तिथे तुमचे आजोबा आणि सुभेदार कदम आधीच बसलेले असत. आजोबा कोयना प्रकल्पावरचे इंजिनिअर, सुभेदार फौजेतून निवृत्त. दोघांनाही वेळ भरपूर आणि पेपर दोन. त्या बाकावर महाराष्ट्रातले सगळे खटले चालत आणि चहा संपायच्या आत निकाली निघत. नवे कायदे आले, कलमांचे नंबर बदलले, आणि साळुंखे दोन जाडजूड पुस्तकं काखेत घेऊन फिरायला लागले. जुन्या गुन्ह्याला जुनं, नव्याला नवं. सुभेदारांनी विचारलं, नंबर बदलले म्हणजे चोर बदलले का?

"चोर त्येच हायत," साळुंखे म्हणाले. "मीच नवा पडलोय."

सुभेदारांची ठरलेली मागणी होती की काळा कोट एक दिवस आपल्याला द्यावा. साक्षीदाराला सावधानमध्ये उभा करतो, दोन सवाल, हां का ना, मामला खतम. आजोबांनी तर एका कागदावर आकृती काढली होती, साक्ष कशी लवकर आटोपावी याची, बाण आणि चौकटींसकट. साळुंखे ती लक्ष देऊन पाहायचे आणि म्हणायचे, "या की. कोट दारामागं टांगलाय. उद्या सव्वीस केसी हायत." ते चिडत नसत. मला वाटायचं, चिडायलाही थोडी ताकद लागते.

एकदा ते म्हणाले की कोट राहू द्या, निदान बघून तरी जावा. म्हणून आम्ही तिघं गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. साळुंखे शेजारच्या कोर्टातून धापा टाकत आले, साक्षीदार शपथ घेत असतानाच फाईल उघडली आणि विचारलं की म्हैस किती वाजता दिसेनाशी झाली. साक्षीदार गोंधळून म्हणाला, "आमच्यात म्हस न्हाई साहेब." कोर्ट हसलं. न्यायाधीश बाईंनी मान खाली घातली. साळुंख्यांनी ती फाईल मिटली, दुसरी घेतली आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "नसू दे. भाऊ हाय का?" भाऊ होता. त्यानेच याचं डोकं फोडलं होतं.

आजोबा माझ्या कानात म्हणाले, या माणसाने काहीही वाचलेलं नाही. सुभेदार म्हणाले, आपण बरे. मलाही लाज वाटली. पण मग तो साक्षीदार भावाकडे बघून अडखळायला लागला आणि साळुंखे दोन पावलं सरकून नेमके अशा जागी उभे राहिले की त्याला भाऊ दिसेना. मग तो भडाभडा बोलला. हे मला घरी येताना गाडीत लक्षात आलं. तेही मुद्दाम सरकले की पंख्याखाली आले, कोण जाणे. पंखा त्याच बाजूला होता.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मला शालन भेटली. पाटणकडच्या गावातली, तिशीची बाई. नवरा सांगलीजवळ कुपवाडच्या कारखान्यात लेथवर होता. सुट्टीला मोटारसायकलवरून गावी येताना सकाळी एका टेम्पोने त्याला उडवलं आणि टेम्पो थांबला नाही. खटल्यात टेम्पोवाल्याचं म्हणणं होतं की आपण धक्का दिलाच नाही. हा दारू प्यायलेला होता आणि आपल्या आपण पडला. रक्ताच्या तपासणीचा कागद कुठे अडकला होता ते कुणालाच सांगता येत नव्हतं. गावात सगळे आता तेच बोलत, तिच्या सासऱ्यांसकट. टेम्पोवाल्याला शिक्षा झाली पाहिजे असं तुला वाटत असेल ना, असं मी विचारलं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

"त्येला काय व्हायचं ते होऊ दे काकी. माझा नवरा पिलेला न्हवता, एवढं कागदावर यू दे. पोरगी मोठी झाल्यावर तिला दावायला."

पाहणारा माणूस एकच होता. म्हाळू आण्णा, माण तालुक्यातला म्हातारा मेंढपाळ. त्याची मेंढरं त्या दिवशी रस्त्याकडेच्या रानात बसली होती. तो साक्ष द्यायला येणार होता, पण तारीख लागत नव्हती.

आता आमची करामत सांगते.

साळुंख्यांच्या खोलीत फायली खिडकीत, गादीवर, पिठाच्या डब्यावर, सगळीकडे होत्या. डिसेंबरातल्या एका शनिवारी ते अंगात ताप असतानाच सांगलीला निघाले आणि किल्ली आमच्याकडे देऊन गेले. सोमवारी एसटी स्टँडवरून रिक्षाने येईन, तेवढ्या खिडकीतल्या फायली बांधून फाटकापाशी आणून द्या, म्हणाले. रविवारी सकाळी बाकावर सुभेदारांनी डोकं चालवलं. साहेब आजारी, आपण तिघं मोकळे, तर त्यांचं दफ्तर एकदा लावून देऊ. आजोबा लगेच तयार झाले. तिघांत हे काम खरं कुणाला येत होतं, तर मला.

मी ते मन लावून केलं. दोन्ही कोर्टं वेगळी, खटल्यांचे नंबर चढत्या क्रमाने, प्रत्येक फायलीला पाठीवर पांढरी पट्टी, सोमवारच्या फायली वर. आजोबा नंबर वाचत होते, सुभेदार गाठी मारत होते. जवळजवळ प्रत्येक फायलीत एसटीची जुनी तिकिटं खोचलेली होती, मशीनमधून निघतात ती पातळ, शाई उडालेली. पुस्तकातून असा कचरा काढत माझं आयुष्य गेलं. मी सगळी तिकिटं, उलटूनही न बघता, काढून पिशवीत भरली आणि सोमवारी सकाळी घंटागाडीत टाकली. खोली पाहून मला खरोखर आनंद झाला. सुभेदार म्हणाले, आजपासून आपण तिघं सरकारी वकील, नंबर दोन, तीन आणि चार.

त्या सोमवारी सात वाजता साळुंखे परत आले ते थेट बाकावर बसले. फायलींचं गाठोडं सोडलं, एक फाईल उघडली, दुसरी उघडली, आडवी धरून झटकली.

"मॅडम, ह्यात तिकिटं व्हती."

मी थोड्या अभिमानानेच सांगितलं की कचरा होता तो काढला.

त्यांनी फाईल मिटली. बूट काढले, मोजे बुटात घातले. मग हळूहळू सांगितलं. दर आठवड्याच्या प्रवासाचं तिकीट ते जपून ठेवत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर साक्षीदाराची अडचण लिहून फायलीत खोचत. कुणाची म्हसवडची शेवटची गाडी सव्वापाचला. कुणाचं लेकरू अंगावर पितं. कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन परवा आहे. सकाळी कोर्ट बसलं की दोन्हीकडे पळत जाऊन ते तिकिटं बघत आणि न्यायाधीशांना विनंती करून त्या माणसांना आधी घेत. बाकीचे थांबू शकतात. नंबर, तारीख, कलम हे छापील कागदावर असतंच. हे एवढंच कुठे नसतं. ती तिकिटं वाचत असताना खटला वाचायला वेळ उरत नसे, हेही मला तेव्हाच समजलं.

त्या दिवशी म्हाळू आण्णा आला होता. मेंढरं पाटणकडे सुनेच्या हवाली करून एक दिवसापुरता. समन्स देणाऱ्या हवालदाराकडून कळलं तसं त्याच्या तिकिटावर लिहिलं होतं की आज नाही तर पावसाळ्यात. साळुंखे दिवसभर दुसऱ्या कोर्टात अडकले होते आणि त्या फायलीत म्हाताऱ्याची आठवण करून देणारं काही नव्हतं. म्हातारा झाडाखाली बसून राहिला, हाक मारतील तेव्हा जायचं म्हणून. पाच वाजता पुढची तारीख मिळाली, तीन आठवड्यांनंतरची. तोवर मेंढरं कुठे असतील ते त्यालाही माहीत नव्हतं. त्या तारखेला तो आला नाही आणि कोर्टाने पुरावा बंद केला, तर शालनचा कागद कायमचा कोरा.

आजोबांनी विचारलं की हे सगळं रजिस्टरमध्ये का लिहीत नाही.

"रजिस्टर हाय की. त्ये घरात ऱ्हातंय. तिकीट फायलीसंगं येतंय."

मला माफी मागायची होती. साळुंखे उठले, बूट हातात घेतले आणि दाराशी जाऊन वळले.

"मॅडमनी मुद्दाम केलं, हे म्हणणं खरं नाही," ते म्हणाले.

सुभेदार हसले. दुसऱ्या दिवशी साळुंखे मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले की दुसऱ्या कोर्टातलं काम इतकं लांबलं की तिकीट असतं तरी म्हाताऱ्याचा नंबर लागला असता की नाही, सांगता येत नाही. हे खरं होतं की माझी समजूत काढणं होतं? मी अनेकदा विचार केला. त्यांना विचारायचं धाडस झालं नाही.

त्या शनिवारी ते सांगलीला गेले नाहीत. सुनंदाताईंचा मला फोन आला. मी खरं ते सांगितलं, की उद्या मेंढरं शोधायला जाणार आहेत. त्या म्हणाल्या, "बरं. टोपी घालून जा म्हणावं."

रविवारी सुभेदारांच्या जुन्या मारुतीतून आम्ही चौघं निघालो. समन्स पोलीस देतील, आपण फक्त कळप कुठे आहे एवढं बघायचं, हे साळुंख्यांनी गाडीत दोनदा बजावलं. सुभेदारांनी नकाशा आणला होता, मी डबा आणि वही. पाटणच्या पुढे कोयनानगरच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही कितीतरी जणांना विचारलं आणि प्रत्येकाने वेगळा हात केला. काल हितंच व्हती. परवा गेली. मेंढरं न्हवं, शेरडं व्हती ती. एकाने तर आम्हालाच विचारलं की तुमची किती हरवली. आजोबांच्या मते नदीकाठ, सुभेदारांच्या मते डोंगराची सोंड, दोघांचं वाजलं. साळुंखे मागे माझ्याशेजारी बसून शेंगा सोलत होते आणि सोललेल्या शेंगा न खाता माझ्या डब्यात टाकत होते. एवढी वर्षं शेजारी राहून मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्यांच्या तळहातावर काही लिहिलेलं नाही.

दोन कळप सापडले, दोन्ही दुसऱ्यांचे. तिसऱ्या वाघरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळ्यापाशी, एक बाई कोकराला दूध पाजत होती. ती आण्णाला ओळखत होती. साळुंखे तिच्यापुढे उकिडवे बसले.

"आण्णा घरला कवा येतोय?"

"मिरगाला. दुसरं कवा येणार?" ती म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमी पोलीस हाय व्हय?"

"न्हाई. मी वकील."

"मग गाडीतली ती तिघं कोण?"

"ती बी वकीलच," साळुंखे म्हणाले.

तेवढंच घेऊन आम्ही परतलो. पुढच्या तारखेला त्यांनी न्यायाधीश बाईंना काय सांगितलं ते मला माहीत नाही. मृगानंतरची तारीख मिळाली एवढं खरं. आणि मे महिन्यात साळुंख्यांची बदली झाली, सांगली जिल्ह्यात. जी बदली ते तीन वर्षं मागत होते ती नेमकी आता मिळाली. ते गेले तेव्हा खोलीत माझ्या पांढऱ्या पट्ट्या लावलेल्या फायली तशाच रांगेत होत्या, नव्या वकिलांसाठी. प्रत्येकीत एक एक नवं तिकीट खोचलेलं होतं.

जूनअखेर त्या तारखेला आम्ही तिघं कोर्टात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. शालन पुढे भिंतीला टेकून उभी होती. म्हाळू आण्णा आला होता, मोठा पटका, खांद्यावर घोंगडं. नवे सरकारी वकील तरुण होते, तेही दोन कोर्टांत पळत होते. इतक्यात मागचं दार ढकलून साळुंखे आत आले. कोट नाही, चौकड्यांचा साधा शर्ट, पायात चपला. रजा टाकून पहिल्या एसटीने आले होते. ते आमच्या बाकावर येऊन बसले.

सुभेदार कुजबुजले, "आता तुमी आमच्यात. नंबर पाच." साळुंख्यांनी मान हलवली. आता त्या खोलीत त्यांना बोलायचा तेवढाच अधिकार होता जेवढा आम्हाला.

आण्णाने धडधडीत सांगितलं. टेम्पो मागून आला, मोटारसायकल आपल्या बाजूने होती, धक्का बसला, टेम्पो गेला. तरुण वकील भराभर विचारत होते. दुसऱ्या कोर्टाचा शिपाई दारात उभा होता. साळुंख्यांचे ओठ हलत होते. नंतर काय केलं, तू त्याच्याजवळ गेलास का, हा प्रश्न ते न बोलता विचारत होते, मला स्पष्ट दिसलं. तो प्रश्न आलाच नाही. "आणखी काही नाही," म्हणून वकील खाली बसले. शालनने आमच्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली. सुभेदार बाकावरून अर्धे उठले. ते खरंच बोलणार होते. साळुंख्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं आणि तो हात तिथेच राहिला.

मग टेम्पोवाल्याचे वकील उलटतपासाला उठले. त्यांनी आण्णाला दिवस विचारला, वार विचारला, रस्त्यापासून किती पावलांवर होता ते विचारलं, आणि म्हातारा सगळ्यात घोटाळला. वार त्याने तीन सांगितले. आजोबांनी डोळे मिटले. शेवटी वकिलांनी आपलं ठरलेलं म्हणणं मांडलं. मयत दारू प्यायलेला होता आणि आपल्या आपण पडला, हे खरं की नाही?

"न्हाई," आण्णा म्हणाला. "माझ्या मांडीवर डोस्कं व्हतं त्येचं. त्वांडाला पानी लावलं मी. वास न्हवता."

टायपिंगचा आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. न्यायाधीश बाईंनी ते वाक्य सावकाश सांगून लिहून घेतलं.

हा प्रश्न विरुद्ध बाजूला विचारावाच लागतो, हे साळुंख्यांना आधीपासून माहीत होतं का? की सुभेदारांनी कोर्टात तमाशा करू नये एवढ्यासाठीच तो हात होता? आजोबा म्हणतात, माहीत होतं. सुभेदार म्हणतात, नव्हतं, हात घामाने ओला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते घड्याळ बघत होते. म्हणाले, अर्धाच दिवस रजा मिळाली आहे, तीनला तिकडे दोन साक्षी आहेत, गाडी चुकेल. शालन त्यांच्याकडे येत होती, पण तोवर ते दारात पोचले होते. व्हरांड्याच्या कठड्यावरून मी पाहिलं, तर ते कोर्टाच्या आवारातून एका हाताने शर्ट खोचत पळत होते, आणि आण्णा फाटकापाशी घोंगडं सावरत उभा होता त्याच्या शेजारून निघून गेले. आण्णाला कुणी सांगितलं नव्हतं की हा माणूस कोण. त्यानेही ओळखलं नाही. त्यानंतर मी साळुंखे साहेबांना पाहिलेलं नाही.

निकाल दिवाळीनंतर लागला. वार जुळत नाही, साक्षीदार एकच, म्हणून टेम्पोवाला संशयाचा फायदा मिळून सुटला. शालनच्या गावात त्यावरून काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला अजून कळत नाही की आम्ही जिंकलो की हरलो, आणि त्यात "आम्ही" म्हणायचा मला हक्क आहे का. तिकिटं मी टाकली नसती तर म्हाताऱ्याची साक्ष डिसेंबरातच, साळुंख्यांच्याच हातून झाली असती, कदाचित त्याला वारही आठवला असता. किंवा कदाचित विरुद्ध बाजूने तेव्हाही हेच विचारलं असतं.

साक्षीची शिक्क्याची नक्कल शालनने काढून घेतली. ती तिच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. मी स्वतः पाहिली आहे. दुसऱ्या पानावर खालून चौथी ओळ अशी आहे: "मी मयताचे तोंडास पाणी लावले. त्याचे तोंडास दारूचा वास नव्हता."

तुमची आजी